मेंदूतला सीजीएमपी आणि नळीतला पीडीई-९

(नागपूर येथे औषधनिर्माणशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थी-शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार.

आजचा विषय एका एन्झाइमचा आहे. मराठीत आपण त्याला विकर म्हणतो, पण प्रयोगशाळेत सगळे एन्झाइमच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणेन. नाव फॉस्फोडायएस्टरेज-९ए, रोजच्या बोलण्यात पीडीई-९. माणसाचं हे एन्झाइम आज कीटकपेशींत किंवा ई. कोलाय जिवाणूत तयार करून छोट्या नळीत विकत मिळतं. मेंदूच्या पेशींत निरोप पोचवणारा छोटा रेणू, सायक्लिक जीएमपी, म्हणजे सीजीएमपी, किती राहील हे ठरवण्यात याचा मोठा हात आहे. औषध शोधणारे याच्याकडे वळले ते आधी स्मृतिभ्रंशासाठी. नंतर हेच एन्झाइम सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, वाटेने विदर्भाच्या अगदी जवळ आलं. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात सिकलसेल घराघरांत माहीत आहे, त्यामुळे हा विषय इथे बोलताना परका वाटत नाही.

पण माझा भर रोगावर कमी आणि नळीवर जास्त राहील. पीडीई-९ विकत आणणं सोपं आहे. त्याच्यावर मिळालेला आकडा खरा काय सांगतो हे समजणं अवघड आहे, आणि बहुतेक गफलती तिथेच होतात.

आधी थोडं जीवशास्त्र. सायक्लिक एएमपीचा (सीएएमपी), म्हणजे सीजीएमपीच्या भाऊबंदाचा, शोध अर्ल सदरलँड यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लावला, त्यासाठी त्यांना १९७१ साली नोबेल मिळालं. हा रेणू पेशीत निरोप पोचवतो. निरोप पोचला की तो पुसायलाही हवा, नाहीतर पुढचा निरोप ऐकूच येणार नाही. पुसण्याचं काम फॉस्फोडायएस्टरेज करतात. माणसात यांची ११ कुटुंबं आणि २१ जनुकं आहेत. काही फक्त सीएएमपी तोडतात, काही फक्त सीजीएमपी, काही दोन्ही. तोडतात म्हणजे काय, तर फॉस्फेटची जी कडी वळून बंद झालेली असते ती उघडतात. सीजीएमपीचा साधा ५'-जीएमपी होतो आणि निरोप संपतो.

पीडीई-९ १९९८ साली सापडलं, माणसात आणि उंदरात जवळजवळ एकाच वेळी. माणसाचं जनुक २१व्या गुणसूत्राच्या टोकाकडे, २१क्यू२२.३ या जागी आहे. पीडीई-९ए१ या रूपात ५९३ अमिनो आम्लं आहेत. याची जुळवणी वेगवेगळ्या तऱ्हेने होते, म्हणून बाजारातल्या नळीवर ए१ लिहिलंय की ए२, हे आधी बघा. ए२ लांबीला ५३३ आहे. तोडणारा भाग दोन्हींत तोच, फरक पुढच्या शेपटीत.

आता या एन्झाइमचा जो गुण लक्षात ठेवायचा तो सांगतो. सीजीएमपीसाठी याचा केएम, म्हणजे ज्या प्रमाणाला एन्झाइम कमाल वेगाच्या निम्म्याने चालतं ते प्रमाण, सुमारे ०.१७ मायक्रोमोलर आहे. सीएएमपीसाठी तोच २३० मायक्रोमोलर, म्हणजे हजारपटीहून जास्त. एवढ्या कमी सीजीएमपीवर काम करणारं दुसरं एन्झाइम या घराण्यात नाही.

केएमचा अर्थ पाण्याच्या टाकीवरून नीट कळतो. गच्चीवरच्या टाकीला दोन वाटा असतात. एक वरती, ओव्हरफ्लोची नळी. पाणी काठाला आलं तरच ती वाहते. दुसरी तळाला, जिथून टाकी धुताना पाणी सोडतात. पीडीई-२चा केएम मायक्रोमोलरच्या पट्टीत बराच वर आहे, सीजीएमपी चढला की ते जोरात चालतं, ती ओव्हरफ्लोची नळी. पीडीई-९ म्हणजे तळाचं छिद्र. पेशी शांत असताना, सीजीएमपी काही दहा नॅनोमोलर एवढाच असताना, हेच छिद्र वाहत असतं. म्हणून पीडीई-९ बंद केलं तर उसळी मोठी येते असं नाही. शांतवेळची पातळी वर चढते. औषधाचा विचार करताना हा फरक मनात धरून ठेवा.

मेंदूत सीजीएमपी बनतो कसा? ग्लुटामेट हा चेतापेशींमधला निरोप्या एनएमडीए रिसेप्टरवर बसतो, कॅल्शियम आत येतं, नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, ते ग्वानिलिल सायक्लेजला जागं करतं आणि सीजीएमपी बनतो. पुढे पीकेजी नावाचं कायनेज चालू होतं. दोन चेतापेशींमधला जोड पक्का होण्यात, म्हणजे शिकण्या-लक्षात ठेवण्यात, या साखळीचा वाटा आहे. उंदराच्या मेंदूत पीडीई-९चा आरएनए जवळजवळ सगळीकडे सापडतो, अनुमस्तिष्काच्या पर्किंजे पेशींत विशेष ठळक. पीडीई-९ दाबलं तर सीजीएमपी टिकेल आणि स्मरण सुधारेल, हा तर्क इथून निघाला. तर्क वाईट नव्हता. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आता नळीकडे. एन्झाइम बनवायच्या दोन वाटा.

पहिली कीटकपेशींची. एसएफ-९ या पेशी ज्या किड्याच्या कोषातल्या अंडाशयापासून आल्या तो किडा तुम्हाला शेतावरून माहीत आहे: मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, त्याचीच आद्याक्षरं एसएफ. माणसाचं जनुक बॅक्युलोव्हायरस या किड्यांच्या विषाणूमध्ये घालायचं, पेशी मिलीलिटरला २० लाखांच्या आसपास आल्या की विषाणू द्यायचा, २७ अंशांवर ४८ ते ७२ तास थांबायचं. नागपुरात अडचण याच २७ अंशांची येते. आपण इनक्युबेटर म्हणजे गरम करणारं यंत्र समजतो. मे महिन्यात खोली ३४-३५वर असेल तर फक्त गरम करणारं यंत्र २७ वर येणारच नाही. कूलिंग असलेलाच शेकर लागतो, आणि त्याचं कूलिंग उन्हाळ्याआधी तपासून घ्यावं लागतं. ३० अंशांच्या वर पेशी जगतात, पण प्रथिन नीट घडी घालत नाही, गाळ होऊन बसतं.

दुसरी वाट ई. कोलायची. पूर्ण एन्झाइमऐवजी फक्त तोडणारा भाग, ए२ मधला १८१ ते ५०६ क्रमांकांचा तुकडा, त्यात चांगला बनतो. २००४ साली याच तुकड्याचा स्फटिक करून त्याची रचना प्रसिद्ध झाली. इथे गुपित थंडीत आहे. जिवाणू ३७ अंशांवर वाढवायचे, ओडी, म्हणजे गढूळपणाचं माप, ०.७च्या आसपास आली की तापमान १५-१६ अंशांवर आणायचं आणि आयपीटीजी, म्हणजे घातलेलं जनुक चालू करणारं रसायन, अगदी थोडं, ०.१ मिलिमोलर द्यायचं. रात्रभर चालू द्यायचं. घाई करून ३७ वरच एक मिलिमोलर दिलं तर जेलवर पट्टा जाडजूड दिसेल, पण सगळा तळाच्या गाळात. जाड पट्टा बघून आनंद होतो, मोजायला जावं तर क्रिया शून्य.

पुढे शुद्धीकरण. कीटकपेशींतल्या एन्झाइमला बहुधा पुढे जीएसटीची शेपटी जोडलेली असते. ग्लुटाथायोनच्या मण्यांवर ती चिकटते, मग १० मिलिमोलर ग्लुटाथायोन देऊन सोडवतात. ग्लुटाथायोन स्वतः आम्ल आहे. ट्रिसमध्ये विरघळवल्यावर पीएच पुन्हा ८.० ला आणला नाही, तर मणी धुताना एन्झाइम आम्लात न्हाऊन मरतं. पीएच मीटरला दोन मिनिटं न दिल्याने आठवड्याची मेहनत जाते.

दुसरी दक्षता ईडीटीएची. या एन्झाइमच्या क्रियास्थळी दोन धातू बसलेले असतात. एक झिंक, दुसरा बहुधा मॅग्नेशियम. दोन हिस्टिडीन आणि दोन अस्पार्टिक आम्लांनी ते धरलेले असतात. धातू गेले की कात्रीचं पातंच गेलं. ईडीटीए धातू ओढून घेतं. पेशी फोडताना आपण प्रोटिएज इनहिबिटरच्या गोळ्या टाकतो, त्यांतल्या पुष्कळांत ईडीटीए असतं. डबीवर ईडीटीए-विरहित लिहिलंय का, ते वाचूनच टाका.

विकत आणत असाल तर प्रवासाचं बघा. नळी ड्राय आइसमध्ये येते, उणे ७८ अंशांत. ड्राय आइस वितळत नाही, हवेत उडून जातो, त्यामुळे खोक्यात ओल नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या वर, खोकं गोदामात शनिवार-रविवार पडून राहिलं तर सोमवारी आत फक्त थर्माकोल सापडतो. पाठवणाऱ्याला सांगा की सोमवारी किंवा मंगळवारीच रवाना करा. खोकं उघडल्याबरोबर ड्राय आइस किती उरला याचं वजन करून वहीत लिहा, फोटो काढा. उरलेला नसेल तर नळी वापरायची की नाही याचा निर्णय त्याच दिवशी घ्या. सहा महिन्यांनी एखाद्या आकड्यावर शंका आली तर ही नोंद उपयोगी पडते.

आल्याबरोबर नळी बर्फावर वितळवा, ५ ते १० मायक्रोलिटरचे वाटे करा, उणे ८० वर ठेवा. एक वाटा, एक दिवस. उरलेला फेकून द्या. जिवावर येतं, मला ठाऊक आहे, नळी महाग असते. पण पुन्हा गोठवलेला वाटा हळूहळू क्रिया गमावतो आणि तुम्हाला वाटतं औषध काम करतंय.

आता मोजणी. सगळ्यांत परवडणारी पद्धत मॅलाकाइट ग्रीनची, म्हणून तीच जवळून बघू.

पीडीई-९ सीजीएमपीचा जीएमपी करतं. यात मोकळा फॉस्फेट निघत नाही. म्हणून सोबत ५'-न्यूक्लिओटिडेज नावाचं दुसरं एन्झाइम घालतात, ते जीएमपीवरचा फॉस्फेट सोडवतं. हे बहुधा सापाच्या विषातून काढलेलं असतं. सुटलेला फॉस्फेट मोलिब्डेट आणि मॅलाकाइट ग्रीनबरोबर हिरवा रंग देतो, तो ६२० नॅनोमीटरला वाचायचा.

प्लेटच्या एका खाचेत एकूण १०० मायक्रोलिटर. बफर: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलर, बीएसए ०.०५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ट्रायटन एक्स-१०० ०.०१ टक्का. फॉस्फेट बफर अर्थातच नाही. एन्झाइम आणि न्यूक्लिओटिडेज मिळून ५० मायक्रोलिटर. मग तपासायचं संयुग १० मायक्रोलिटर, १० टक्के डीएमएसओ या विरघळवणाऱ्या द्रवात, म्हणजे शेवटी डीएमएसओ एक टक्का. १५ मिनिटं तसंच ठेवा. मग ५० मायक्रोमोलर सीजीएमपी ४० मायक्रोलिटर घाला, खाचेत तो २० मायक्रोमोलर होतो. ३० अंशांवर ३० मिनिटं. मग मॅलाकाइट ग्रीन २५ मायक्रोलिटर, २० मिनिटं थांबून वाचन.

बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं साधं प्रथिन, का? आपण नॅनोग्रॅममध्ये प्रथिन टाकतोय. एवढं थोडं प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून संपतं. बीएसए भिंती झाकून टाकतं. ट्रायटन, म्हणजे साबणासारखं द्रव्य, का? काही संयुगं पाण्यात गोळे होऊन तरंगतात आणि एन्झाइमला गुरफटून टाकतात, ते खरं अवरोधन नव्हे. थोडा ट्रायटन ते गोळे फोडतो.

एन्झाइम किती टाकायचं? हिशेब करू. पीडीई-९चा व्हीमॅक्स, म्हणजे कमाल वेग, मिनिटाला मायक्रोग्रॅममागे ४.९ नॅनोमोल असा नोंदलेला आहे, म्हणजे एका नॅनोग्रॅमला मिनिटाला ४.९ पिकोमोल. खाचेत २० मायक्रोमोलर गुणिले १०० मायक्रोलिटर, म्हणजे २००० पिकोमोल सीजीएमपी. त्यातला चौथा हिस्सा, ५०० पिकोमोल, तीस मिनिटांत तुटावा असं धरलं तर मिनिटाला साडेसोळा पिकोमोल लागले. भागिले ४.९, उत्तर साधारण साडेतीन नॅनोग्रॅम. तुमच्या नळीतलं एन्झाइम याच्या निम्म्या ताकदीचं असू शकतं. म्हणून पहिल्या दिवशी १, २, ४, ८, १६ नॅनोग्रॅम अशी मालिका लावा आणि रंग एन्झाइमच्या प्रमाणात दुप्पट-दुप्पट वाढतो त्या सरळ भागातला आकडा घ्या. लेबलवरच्या युनिटवर विसंबू नका. ती त्यांच्या बफरमध्ये, त्यांच्या सबस्ट्रेटवर, म्हणजे तोडायला दिलेल्या पदार्थावर, मोजलेली असतात.

याच दिवशी दुसरी तपासणी उरकून घ्या. न्यूक्लिओटिडेज दुप्पट केलं तर रंग बदलायला नको. बदलला, तर वेग पीडीई-९चा नाही, न्यूक्लिओटिडेजचा मोजताय. आणि एक खाच पीडीई-९ न घालता, फक्त न्यूक्लिओटिडेज आणि सीजीएमपीची ठेवा. सापाच्या विषात स्वतःची फॉस्फोडायएस्टरेजही असते, शुद्धीकरणात ती पूर्ण गेली नसेल तर ही खाच हिरवी होऊन सांगते.

आता प्लेटमध्ये डोळ्यांनी काय दिसतं ते बघा. मॅलाकाइट ग्रीनचं मिश्रण पिवळसर असतं. पहिल्या रांगेत नुसतं पाणी घाला. ती रांग पिवळीच राहिली पाहिजे. ती पोपटी झाली तर पाण्यात, टिपमध्ये किंवा बाटलीत फॉस्फेट आहे. बहुतेक वेळा दोष बाटलीचा असतो, कपडे धुण्याच्या पावडरीने धुतलेली काचेची बाटली. कितीही विसळली तरी फॉस्फेट काचेला धरून राहतो. या प्रयोगासाठी काच बाजूलाच ठेवा, नवं प्लास्टिक वापरा. वाचनाची वेळही पाळा. २० मिनिटांनंतर रंग सावकाश चढत राहतो, तासाभराने गाळही बसतो. पहिली प्लेट २० मिनिटांनी आणि पाचवी ४५ मिनिटांनी वाचली तर पाचव्या प्लेटमधली औषधं उगाच निकामी दिसतील.

आता मुख्य मुद्दा. इथे जरा थांबून ऐका.

आपण सीजीएमपी २० मायक्रोमोलर घेतला, कारण मॅलाकाइट ग्रीनला त्याहून कमीत रंग दिसत नाही. पण केएम ०.१७. म्हणजे सबस्ट्रेट केएमच्या ११८ पट जास्त. पीडीई-९चे बहुतेक अवरोधक सीजीएमपीच्याच जागेवर बसतात, त्याच्याशी स्पर्धा करतात. गर्दी जितकी जास्त, तितकं औषधाला जागा मिळायला जास्त औषध लागतं. १९७३ सालचं चेंग-प्रुसॉफ समीकरण हेच सांगतं: आयसी-५० (वेग निम्मा करायला लागणारं औषधाचं प्रमाण) म्हणजे केआय (औषधाच्या पकडीचं माप, गर्दीवर न अवलंबणारं) गुणिले, एक अधिक सबस्ट्रेट भागिले केएम.

उदाहरण घेऊ. पीएफ-०४४४७९४३ हे संयुग. माणसाच्या पीडीई-९वर त्याचा केआय २.८ नॅनोमोलर आहे. आपल्या मॅलाकाइट ग्रीनच्या प्लेटमध्ये गुणक येतो साधारण ११९. म्हणजे आयसी-५० दिसेल सुमारे ३३० नॅनोमोलर. तेच संयुग फ्लुरोसन्स पोलरायझेशनच्या पद्धतीने मोजलं, जिथे फ्लुरोसिन लावलेला सीजीएमपी फक्त १०० नॅनोमोलर लागतो, तर गुणक १.६ आणि आयसी-५० येईल साडेचार नॅनोमोलरच्या घरात. अर्थात फ्लुरोसिन लावलेल्या सीजीएमपीचा केएम नेहमीच्या सीजीएमपीइतकाच आहे असं धरून. तो वेगळा मोजून घ्यायला हवा. तरीही फरक बघा. एकच औषध, एकच एन्झाइम, आणि दोन आकड्यांत सत्तरपटीहून जास्त अंतर. दोघांनीही चूक केलेली नाही.

म्हणून प्रबंधात नुसता आयसी-५० लिहिला की तो आकडा अर्धवट राहतो. सबस्ट्रेट किती, केएम किती मोजला, तापमान किती, एन्झाइम किती, हे शेजारी हवंच. आणि दुसऱ्याच्या प्रबंधातल्या आकड्याशी तुलना करायची तर केआयची केआयशी करा. आपल्याकडे प्रबंधांत संयुग अमुक मायक्रोमोलरला निष्प्रभ असं जे लिहिलेलं वाचायला मिळतं, त्यातली काही संयुगं गर्दीत गुदमरलेली असू शकतात असं मला वाटतं.

मॅलाकाइट ग्रीनची पद्धत त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. तिच्यात एक सोयही आहे. सबस्ट्रेट केएमच्या खूप वर असला की चौथा हिस्सा तुटला तरी वेग तसाच सरळ राहतो. पुस्तकातला दहा टक्क्यांच्या आत राहण्याचा नियम सबस्ट्रेट केएमच्या आसपास असतानाचा आहे. फ्लुरोसन्सच्या पद्धतीत मात्र तो काटेकोर पाळावा लागतो.

कंट्रोल म्हणून काय वापरायचं? इथे हमखास चूक होते. पीडीई म्हटलं की हात आयबीएमएक्सकडे जातो. तो जवळजवळ सगळ्या पीडीईंना दाबतो, पण पीडीई-८ आणि पीडीई-९ त्याला दाद देत नाहीत. १०० मायक्रोमोलर आयबीएमएक्स घातला, रंग तसाच राहिला, म्हणून एन्झाइम खराब असा निष्कर्ष काढू नका. उलट हा गुण कामाला लावा. पेशींच्या कच्च्या अर्कात पीडीई-९ मोजायचं असेल तर आयबीएमएक्स घालून बाकीच्या बहुतेक फॉस्फोडायएस्टरेज गप्प करा. चहातलं कॅफिनही आयबीएमएक्सच्याच जातीचं आहे. चहाने झोप उडते ती मुख्यतः अडेनोसिनच्या रिसेप्टरमुळे, पीडीई-९शी तिचा संबंध नाही. खरा कंट्रोल म्हणजे बे ७३-६६९१ किंवा पीएफ-०४४४७९४३. पहिल्याचा आयसी-५० ५५ नॅनोमोलर नोंदलेला आहे आणि पीडीई-१सीवर तो १.४ मायक्रोमोलर आहे, म्हणजे निवड पंचवीसपटीची. पेशींवर १० मायक्रोमोलर टाकून झालेला परिणाम पीडीई-९मुळेच झाला, असं तेव्हा म्हणता येत नाही.

आता वनस्पतींच्या अर्कांकडे येतो, कारण इथे बसलेल्या अर्ध्या लोकांच्या मनात तेच आहे. नागपुरात बसून संत्र्याच्या सालीचा अर्क तपासावासा वाटणं स्वाभाविक आहे. पण या पद्धतीत अर्क तीन ठिकाणी फसवतो. एक, झाडात फॉस्फेट भरपूर असतो, अर्क घातला की एन्झाइम नसतानाही खाच हिरवी. दोन, संत्र्यातलं क जीवनसत्त्व मोलिब्डेटचं क्षपण करून निळा रंग देतं. फॉस्फेट मोजायची एक जुनी पद्धत याच रसायनावर उभी आहे. म्हणजे खरं अवरोधन असलं तरी ते या निळ्याखाली झाकलं जातं. तीन, सालीत, हिरड्यात, बाभळीत टॅनिन असतं, ते कुठल्याही प्रथिनाला गोळा करून खाली बसवतं. तिथे अवरोधन शंभर टक्के दिसतं, आणि ते ट्रिप्सिनवरही तितकंच दिसेल.

यावर इलाज आहेत, थोडे वेळखाऊ. प्रत्येक अर्कासाठी एन्झाइमविरहित खाच ठेवायची. दुसऱ्या खाचेत सीजीएमपी आणि पीडीई-९ऐवजी थेट ५ मायक्रोमोलर जीएमपी, न्यूक्लिओटिडेज आणि अर्क घालायचा. इथे रंग कमी झाला तर अर्क न्यूक्लिओटिडेजला किंवा रंगालाच मारतोय. टॅनिन आधी पॉलिव्हिनाइलपायरोलिडोनवरून गाळून काढायचं. आणि शेवटची खात्री एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, २५४ नॅनोमीटरला सीजीएमपी आणि जीएमपीची शिखरं थेट बघून. तिथे फॉस्फेटचा प्रश्नच येत नाही. अर्कावर काम करायचं तर माझं मत स्पष्ट आहे: मॅलाकाइट ग्रीन चाळणीपुरतं, निष्कर्ष एचपीएलसीवर.

आता नळीतून माणसाकडे. पीडीई-९चे अवरोधक नळीत उत्तम निघाले. उंदरांच्या स्मरणचाचण्यांत सुधारणा दिसली. माणसांनी गोळ्या घेतल्यावर मेंदूभोवतीच्या पाण्यात, सीएसएफमध्ये, सीजीएमपी वाढलेला मोजला गेला. म्हणजे औषध मेंदूत पोचलं, एन्झाइम दाबलं गेलं. तरी अल्झायमरच्या रुग्णांत पीएफ-०४४४७९४३ बारा आठवडे देऊन आकलनात फरक पडला नाही. बीआय ४०९३०६ या दुसऱ्या संयुगाचंही दुसऱ्या टप्प्यात तेच झालं. नळीतला आकडा खोटा नव्हता. पण आजारी मेंदूत सीजीएमपी बनवणारी बाजूच थकलेली असेल, जोडच तुटलेले असतील, तर तळाचं छिद्र बुजवून टाकी भरत नाही, हे एक सयुक्तिक स्पष्टीकरण आहे. वरून येणारी धार हवी.

सिकलसेलमध्ये तर्क वेगळा आहे. रक्त बनवणाऱ्या पेशींतही पीडीई-९ असतं. सीजीएमपी वाढला की गर्भातलं हिमोग्लोबिन, एचबीएफ, बनवणारं गॅमा ग्लोबिनचं जनुक जागं होतं. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाच्या परिणामाचा काही भाग नायट्रिक ऑक्साइड आणि सीजीएमपीच्या याच वाटेने जातो असं मानतात. एचबीएफ सिकल हिमोग्लोबिनच्या साखळ्या जुळू देत नाही. टोव्हिनोंट्रिन हा अवरोधक यासाठीच पुढे आणला गेला. त्याचा आयसी-५० ८ ते १० नॅनोमोलर, आणि मेंदूत फारसा शिरू नये असा. दुसऱ्या टप्प्यातल्या अंतरिम आकड्यांत पुरेसा फायदा दिसला नाही आणि २०२२ साली ते काम थांबवण्यात आलं. ज्या भागात मुलं दुखण्याने रात्र रात्र तळमळतात, तिथल्या माणसाला ही बातमी लागते.

या आजारावर इथे काम करू पाहणाऱ्यांनी पीडीई-९ पुन्हा हातात घ्यायचं ठरवलं, तर क्रम उलटा धरावा असं मी सुचवेन. संयुगं शोधण्याच्या आधी, रक्त बनवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यात शांतवेळी सीजीएमपी किती आहे, हायड्रॉक्सीयुरिया दिल्यावर किती होतो, आणि तो ०.१७ मायक्रोमोलरच्या खाली राहतो की वर जातो, हे मोजा. खाली राहत असेल तर पीडीई-९ दाबण्यात अर्थ आहे. वर जात असेल तर बाकीच्या नळ्या वाहायला लागलेल्या असतील, आणि मग पीडीई-५सारखं दुसरं एन्झाइमही त्याच प्लेटवर शेजारच्या रांगेत लावावं लागेल.